साहस शिबिराला लेकीला पाठवायचं का? आधी हे विचारू या

परीक्षा संपत आल्या की शाळेच्या फळ्यावर, एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि मोबाईलवर जाहिराती दिसायला लागतात. ‘उन्हाळी साहस शिबिर. वय १३ ते १७. जंगलात मुक्काम, गडावर चढाई, दोरावरून उतरणं.’ मुलं ती वाचतात आणि घरी येऊन विचारतात, “आई, जाऊ का?” मुलानं विचारलं तर घरात पैशाची चर्चा होते. मुलीनं विचारलं तर बहुतेक घरांत चर्चाच होत नाही. ‘नाही’ म्हणून विषय संपतो.

आजच्या भागात आपण याच शिबिरांबद्दल बोलणार आहोत. तिथं नक्की काय करतात, त्यात धोका किती, तो कसा सांभाळतात, आणि मुलाला किंवा मुलीला पाठवण्याआधी आपण आयांनी काय विचारायचं. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. डोळे झाकून ‘हो’ म्हणू नका आणि डोळे झाकून ‘नाही’ही म्हणू नका. विचारून, तपासून ठरवा. आणि जे मुलाच्या बाबतीत ठरवाल, तेच मुलीच्या बाबतीतही ठरवा.

ही कल्पना आली कुठून?

साहस शिबिर ही नुसती मौजेची गोष्ट म्हणून सुरू झालेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, ब्रिटनमधल्या वेल्स भागात ॲबरडोवी या समुद्रकाठच्या गावी एक शाळा सुरू झाली. तिचं नाव आउटवर्ड बाउंड. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजाला इंग्रजीत तसं म्हणतात. कुर्ट हान नावाचे शिक्षक आणि लॉरेन्स होल्ट नावाचे जहाजमालक यांनी ती काढली. युद्धात जहाजं बुडत होती. होल्ट यांचं निरीक्षण असं होतं की, जहाज बुडाल्यावर तरुण खलाशी लवकर धीर सोडतात आणि वयानं मोठे, अनुभवी खलाशी तग धरतात. अंगात ताकद तरुणांच्या जास्त होती, पण अडचणीत स्वतःला सांभाळायची सवय नव्हती. ती सवय लावायची म्हणून तरुणांना डोंगरात आणि समुद्रात नेऊन शिकवायला सुरुवात झाली.

आपल्याकडे १९५३ साली तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६५ साली उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था निघाली. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या कड्यांवर चढणाऱ्या गिर्यारोहण संस्था गावोगावी आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांनी या दोन ठिकाणी शिक्षण घेतलं आहे.

“आमची पोरं रानातच वाढली, त्यांना पैसे देऊन रान कशाला दाखवायचं?”

हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत हमखास येतो, आणि तो खरा आहे. आपली मुलगी शेळ्यांमागे डोंगर चढते, मोळी बांधते, दोन हंडे घेऊन उतार उतरते. शहरातल्या मुलांना जी झाडं आणि पक्षी शिबिरात दाखवावे लागतात, ते तिला पाठ असतात.

पण जरा थांबून बघा. ती डोंगरावर जाते ती कामाला. किती वाजता जायचं, कुठून यायचं, काय आणायचं, हे सगळं आपण सांगतो. शिबिरात तिला विचारलं जातं, “नकाशा हा असा आहे. पाणी इथं आहे. ऊन वाढायच्या आत पोहोचायचंय. तुझी तुकडी कुठल्या वाटेनं न्यायची?” मग ती ठरवते, चारजणांना पटवून देते आणि चुकलं तर वाट बदलते. चढाई तिनं कदाचित आधीही केली असेल. निर्णय घेण्याची संधी मात्र तिला क्वचितच मिळालेली असते.

हे वयही तसंच असतं. तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत मुलगा आणि मुलगी सारखेच हुंदडतात. त्यानंतर मुलाचं जग तालुक्यापर्यंत वाढतं आणि मुलीचं जग घर, शाळा आणि पाणवठ्यापुरतं उरतं. कित्येक घरांत याच वयात शाळा सुटते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. अशा वेळी चार-आठ दिवस घराबाहेर राहून, अनोळखी मुलींबरोबर अवघड काम पार पाडून आलेली मुलगी स्वतःकडे वेगळ्या नजरेनं बघते. शिबिर काही जादू करत नाही. पण ‘मला जमतं’ हे एकदा अंगाला कळलं की पुढच्या ‘नाही’पुढं ती थोडी ताठ उभी राहते.

गरिबाच्या, खेड्यातल्या मुलींनी हे करून दाखवलं आहे. बचेंद्री पाल उत्तरकाशी जिल्ह्यातल्या नाकुरी गावच्या. बाराव्या वर्षी शाळेच्या सहलीत त्या पहिल्यांदा उंच डोंगर चढल्या आणि २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्ट चढणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. तेलंगणातल्या पाकाला गावच्या मालावत पूर्णाचे आईवडील शेतमजूर. ती सरकारी निवासी शाळेत शिकत होती. भोंगीरच्या कातळावर ती पहिल्यांदा दोर बांधून चढायला शिकली आणि २५ मे २०१४ रोजी, चौदा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, एव्हरेस्टवर पोहोचली. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची पाच मुलंही मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट चढून आली. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. आपल्या लेकीनं एव्हरेस्ट चढावं असं आम्ही म्हणत नाही. पण या मुलींची सुरुवात शाळेच्या सहलीत किंवा गावाजवळच्या कातळावर, शिकवणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली झाली, एवढं लक्षात घ्या.

दोरावर मूल लटकतं, तेव्हा नक्की काय होतं?

फोटोत कड्यावर लटकलेलं मूल बघून पोटात गोळा येतो. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

कातळ चढणं म्हणजे विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढं आणा. रहाटावरून दोर जातो. एक टोक बादलीला, दुसरं आपल्या हातात. शिकाऊ मुलांच्या चढाईत असंच असतं. कड्याच्या माथ्यावर पक्का आधार बांधलेला असतो, त्यातून दोर खाली येतो. एक टोक मुलाच्या कमरेच्या पट्ट्याला, ज्याला हार्नेस म्हणतात. दुसरं टोक प्रशिक्षकाच्या हातातल्या धातूच्या साधनातून जातं. मूल जसं वर सरकतं तसा प्रशिक्षक ढिला दोर ओढून घेतो. पाय निसटला तर मूल खाली आदळत नाही. थोडंसं सरकून तिथंच लटकतं. दोर सांभाळायच्या या कामाला ‘बिले’ म्हणतात. सगळा जीव या माणसाच्या लक्षात असतो. दोर हातात धरून तो मोबाईलवर बोलत असेल, तर ते शिबिर आपल्या कामाचं नाही.

दोरावरून उतरणं, म्हणजे रॅपलिंग, याचं तत्त्वही आपल्याला माहीत आहे. माळ्यावरून जड पोतं खाली सोडताना दोराला खांबाभोवती दोन वेढे देतो. मग जड पोतंही एकटी बाई हळूहळू सोडू शकते. वेढ्यांच्या घर्षणानं भार पेलला जातो. रॅपलिंगमध्ये खांबाऐवजी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं धातूचं साधन कमरेला असतं आणि दोर त्यातून वळवलेला असतो. शिवाय मुलाला दुसरा, वेगळा बांधलेला सुरक्षा दोर असायलाच हवा. मूल घाबरून हात सोडून बसलं तरी वरचा माणूस त्या दुसऱ्या दोरानं त्याला धरून ठेवतो.

यातून एक नियम कळतो. चांगल्या शिबिरात जीव कधीही एकाच गोष्टीवर टांगलेला नसतो. आधार दोन, दोर दोन, गाठ एकानं बांधली तर दुसऱ्यानं तपासायची. डोक्यावर हेल्मेट, कारण कड्यावर वरून सुटणाऱ्या दगडाचाही धोका असतो. दोर, पट्टे आणि कड्या गिर्यारोहणासाठीच बनवलेल्या हव्यात. बाजारातला नायलॉनचा दोर कितीही जाड दिसला तरी चालत नाही. आत भार पेलणारा गाभा आणि वर विणलेलं आवरण अशी या दोराची रचना असते. वरचं आवरण फाटलं की तो दोर बाद करायचा.

खरा धोका बहुतेक वेळा दोराबाहेर असतो

दोरावर सगळ्यांचं लक्ष असतं. लक्ष नसतं ते बाकीच्या वेळी. म्हणून या पाच गोष्टींबद्दल जास्त विचारा.

पाणी. धरणाचा फुगवटा, नदीचा डोह, गडावरचं टाकं. उन्हानं तापलेली मुलं पाणी दिसलं की उड्या मारतात. पोहता येणारंही अनोळखी पाण्यात बुडतं. पाण्याचा कार्यक्रम असेल तर प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट हवं. कार्यक्रम नसेल तर पाण्यात उतरायला सक्त मनाई हवी.

ऊन. एप्रिल-मेमध्ये चढाई पहाटे सुरू होऊन ऊन चढायच्या आत संपली पाहिजे. दुपारी सावलीत गाठी बांधणं, प्रथमोपचार, नकाशा वाचणं असं शिक्षण. साखर-मिठाचं पाणी कसं करायचं हे आपल्याला माहीत आहेच : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ते मुलालाही करता आलं पाहिजे. अंग तापून मूल बरळायला लागलं तर तो उष्माघात समजायचा. सावलीत आणायचं, अंग ओलं करून वारा घालायचा आणि लगेच दवाखान्यात न्यायचं. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

वीज. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग भरून येतात. त्या वेळी गडाच्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली कुणी असता कामा नये.

मोहोळ. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, आरडाओरडा, दगडफेक, उग्र अत्तर यांनी माशा उठतात. वाट आधी बघून आलेला माणूस मोहोळाची जागा टाळतो.

साप आणि विंचू. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. झोपायला तंबू किंवा पक्की खोली, रात्री बॅटरी, पायात बूट, आणि बूट झटकूनच घालायचे. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं घट्ट आवळायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. चावलेला भाग हलू न देता, मुलाला चालायला न लावता, सापाच्या विषावरची लस असलेल्या दवाखान्यात पोहोचायचं. म्हणून शिबिरात एक गाडी कायम उभी हवी आणि जवळचा असा दवाखाना कुठला, हे आयोजकांना तोंडपाठ हवं.

पाठवण्याआधी विचारायचे प्रश्न

हे प्रश्न वहीत लिहून घ्या. फोनवर नको, समोर बसून विचारा. चांगला आयोजक अशा प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं.

एक. तुमची नोंदणी आहे का? महाराष्ट्र शासनानं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं त्यात बंधनकारक केलं आहे. नोंदणीचा कागद बघायला मागा.

दोन. शिकवणारे कुठं शिकले? उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगसारख्या संस्थांचा प्राथमिक गिर्यारोहण अभ्यासक्रम साधारण महिनाभराचा असतो. त्यानंतर प्रगत अभ्यासक्रम आणि त्याच्याही पुढं शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. ‘वीस वर्षं गड फिरतोय’ हे चांगलंच आहे, पण मुलांना शिकवायला तेवढं पुरत नाही.

तीन. किती मुलांमागे किती मोठी माणसं? कड्यावर, वाटेत आणि रात्री, तिन्ही वेळचं विचारा.

चार. मुलींसोबत महिला प्रशिक्षक आहेत का? त्या रात्री मुक्कामाला असतात का? मुलींची झोपायची जागा वेगळी आहे का? शौचालयाला दार-कडी आहे का? पाळी आली तर पॅड मिळतं का आणि टाकायची सोय काय? पाळीत त्रास होत नसेल तर मुलगी सगळं करू शकते. त्रास होत असेल तर तिला न विचारता विश्रांती मिळाली पाहिजे.

पाच. मूल ‘मला हे करायचं नाही’ म्हणालं तर काय करता? याचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. ‘ढकलतो, मग भीती मोडते’ असं कुणी हसत सांगितलं तर परत या. भीती अशी मोडत नाही. चांगला प्रशिक्षक मुलाला सोपी पायरी देतो, वाट बघतो आणि नकार मान्य करतो. ज्या मुलीचा कड्यावरचा ‘नाही’ ऐकला जातो, तिला बाकी ठिकाणीही ‘नाही’ म्हणायचं बळ येतं.

सहा. संमतिपत्रात काय लिहिलंय? सही करण्याआधी गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. ‘कोणत्याही अपघातास संस्था जबाबदार नाही’ एवढंच लिहिलेलं असेल तर विमा आहे का, उपचाराचा खर्च कोण करणार, हे विचारा. अशा एका ओळीनं निष्काळजीपणाची जबाबदारी कुणाची सुटत नाही.

आपली बाजूची तयारी

शिबिराला जाणाऱ्या मुलाची तब्येत लपवू नका. दमा, फेफरं, हृदयाचा त्रास, पूर्वीचं ऑपरेशन, चालू गोळ्या, सगळं लिहून द्या. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार आढळतो. त्या मुलांना पाणी कमी पडलं किंवा फार दमणूक झाली की वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठवू नका. मुलीचं हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. आठवड्याची लोहाची निळी गोळी शाळेतून किंवा अंगणवाडीतून मिळते, ती नेमानं द्या. महिनाभर आधीपासून रोज भरभर चालायची सवय लावा. नवे बूट घेतले तर घरीच वापरून मऊ करा, नाहीतर पहिल्याच दिवशी फोड येतात.

आणखी एक बोलणं करा, लाज न बाळगता. कुणी नकोसा स्पर्श केला, एकट्याला बोलावलं, फोटो काढले, तर ओरडायचं, तिथून निघायचं आणि मला सांगायचं. “मी तुलाच रागावणार नाही,” हे शब्द आपल्या तोंडून तिनं ऐकलेले हवेत. मुलग्यालाही हेच सांगा. मुलांच्या मदतीचा १०९८, रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे तीन क्रमांक दोघांनाही पाठ करून घ्या.

पैशाचं काय? शिबिरासाठी कानातलं गहाण टाकू नका. आधी शाळेत विचारा. एनसीसी किंवा स्काउट-गाइड असेल तर त्यांची शिबिरं फार कमी खर्चात होतात. जवळच्या गिर्यारोहण संस्थेला गटाच्या नावानं पत्र लिहा. ‘आमच्या गावाजवळच गड आहे. राहायची सोय आणि भाकरी-पिठलं आमचं, शिकवणं तुमचं. गावातल्या वीस मुली आणि मुलं तयार आहेत.’ अशी देवाणघेवाण होऊ शकते. मुली गावाजवळच राहतात, आया अधूनमधून बघून येतात, आणि पहिल्यांदा पाठवणाऱ्या घरांना धीर येतो.

पुढचाही विचार करा. सह्याद्रीत आता येणाऱ्यांची गर्दी वाढते आहे. त्यांना वाट दाखवणारी, दोर सांभाळणारी शिकलेली माणसं लागतात. ज्या मुलीला तो डोंगर लहानपणापासून माहीत आहे, तिनं रीतसर शिक्षण घेतलं तर तिच्यापेक्षा जाणती वाटाडी कुठून मिळणार? आज शिबिराला जाणारी मुलगी उद्या शिबिर घेणारी होऊ शकते.

मैत्रिणींनो, या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. वरचे सहा प्रश्न मोठ्यानं वाचा. कुणाच्या घरी १३ ते १७ वयाचं मूल आहे ते लिहा, मुलींची नावं आधी. जाहिरात आली असेल तर दोन बायांनी मिळून आयोजकाकडे जाऊन यायचं ठरवा. उत्तरं समाधानाची मिळाली तर पाठवा. नाही मिळाली तर पाठवू नका, आणि मुलीला बसवून कारण सांगा. ‘तू मुलगी आहेस म्हणून नाही’ आणि ‘त्यांच्याकडे दुसरा दोर नाही म्हणून नाही’ यांत किती फरक आहे, ते तिला बरोबर कळतं.

तुमच्या गटानं काय ठरवलं ते आम्हाला जरूर कळवा.